पहिला द्रोण

आमच्या पोशेरा गावाकडे सोयरीक बोलून पक्की होत नाही. दोन्ही घरं अंगणात बसून मोहाची दारू पितात, तेव्हा होते. आधी मेलेल्या माणसांच्या नावाने दोन थेंब जमिनीवर सांडायचे. मग पहिला द्रोण मुलीच्या बापाचा. बाप नसेल तर थोरल्या भावाचा.

माझी नणंद नीता, तिला बाप नाही. थोरला भाऊ म्हणजे माझा नवरा, नितीन. आणि नितीनला दारूचा थेंब चालत नाही.

पावसाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं. सासरा लिव्हरनेच गेला, चाळिशी न बघता. त्याचा बापही पोट फुगून गेला, त्याला लोक करणी म्हणत. बाई म्हणाल्या, "काही घरांत हे रक्तातून येतं. तेवढीच दारू दुसऱ्याला पचते, यांचं लिव्हर लवकर बिघडतं. आता अजिबात नाही." मला लगेच कळलं. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, बांध एखाद्याचाच फुटतो.

पण हे अंगणात बसलेल्यांना कोण सांगणार! मुलाचा बाप पांड्या, त्याने द्रोण भरून नितीनपुढे धरला.

"घोटभराने कोण मरतं रे? तुझा ढवळूकाका बघ!"

झालं! जो तो ढवळूकाका दाखवतो. सासऱ्याचा सख्खा भाऊ, रोज पितो नि या वयातही डोंगर चढतो. तो कोपऱ्यात बसून हसत होता. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणे! आमच्या शहाण्याने हात पुढे केला की.

"खाली ठेव तो द्रोण!" मी ओरडले. सुनेने असं बोलायचं नसतं. बोलले. "हा मेला तर तुमच्यातला कोण येणार माझ्या शेतात नांगर धरायला?"

पांड्याचं तोंड उतरलं. "द्रोण परत तर सोयरीकही परत," तो म्हणाला. नीता रडायला लागली. माझं काळीज तुटलं, पण मी मागे हटले नाही.

तेवढ्यात काका उठला. त्याने द्रोण घेतला. म्हटलं, आता हा पिणार, आणि सगळे पुन्हा म्हणणार, बघा कसा ठणठणीत.

काकाने दोन थेंब सांडले. थांबलाच नाही. अख्खा द्रोण जमिनीवर ओतला.

"बाळ्या," तो मेलेल्या भावाला म्हणाला, "आपण एका द्रोणातून प्यायलो. मला पचली, तुला नाही. मला वाटायचं, तूच कच्चा. मी हसायचो नि आणखी भरायचो." त्याने नितीनकडे बघितलं. "पोराचा वाटा आता तूच पी."

काकाने रिकामा द्रोण पांड्यापुढे धरला.

"मुलीच्या बापाने पहिला घेतला," तो म्हणाला. "आता तुझा भर."