हो म्हणायला लागलेला वेळ

काचेपलीकडे अंकुशनं फोन कानाला लावला आणि दीक्षानंही आपल्या बाजूचा उचलला. साडेतीन वर्षं ती नवऱ्याला भेटायला कारागृहात येत होती, पण आजच्यासारखी भीती कधी वाटली नव्हती. उद्या हायकोर्टात तारीख होती आणि अंकुशचं उत्तर घेऊन वकीलबाईंकडं जायचं होतं.

अंकुश खापा गावचा, पंप दुरुस्त करणारा. नरखेडकडं एका विहिरीवर काम करताना भागीदार आत पडून मेला. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं वाजलेलं, मग काय, ढकलल्याचा आळ याच्यावर आला आणि सात वर्षांची शिक्षा लागली. वकीलबाई म्हणाल्या होत्या, गुन्हाच केला नाही म्हणून भांडायचं तर अपिलाचा नंबर लागेपर्यंत शिक्षा भोगून संपेल, आणि वर हरायचीही भीती. गुन्ह्याबद्दल बोलायचंच नाही, भोगली तेवढी शिक्षा पुरे करा म्हणायचं, तर न्यायाधीश लवकर ऐकतील, सोडतीलही कदाचित. पण दोषी हा शिक्का जन्माचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

तिनं सगळं सांगितलं. अंकुशनं क्षणाचाही विचार केला नाही.

"लढा म्हणा. मी नाई ढकललं त्याले."

तिनं मान डोलावली. तो काचेजवळ सरकला.

"तुले तं वाटते ना वं तसं?"

बाई गं! भांडणाच्या दिवशी ताटावर बसून तो म्हणाला होता, त्याले एक दिवस दाखवतोच. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो, हे तिला कळत नव्हतं थोडंच? तिनं ते कुणापाशी काढलं नव्हतं, पोलिसांपाशीही नाही. पण नेमकं तेच आता आठवलं आणि ती फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

"हाव," ती म्हणाली. "वाटते ना."

पण हो म्हणायला उशीर झाला होता. अंकुश तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं खाली मान घातली.

"बाईले सांग, शिक्षाच कमी करून मांगा."

"असं काहून? लढा ना तुमी."

"घरीच नाई पटलं, तं कोर्टाले का पटवाचं?"

वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं. अंकुशनं फोन हळूच जागेवर ठेवला आणि तो वळला.

दीक्षा बंद फोनात बोलत राहिली, हाव, वाटते मले, खरंच वाटते. मागची बाई आपली पाळी आली म्हणून तिच्या खांद्याला हात लावून उभी होती.