खुंटी सरकली असणार

इतकीशी ती खुंटी — पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढी, टोकाला काळं रबर — अनुपमाच्या तळहाताला घामाने चिकटली होती. विद्याधर सरांनी मघाशी ती तिच्या हातावर ठेवून समजावलं होतं, की दोरी गालापर्यंत ओढली की धनुष्याच्या दोन टोकांची चाकं, म्हणजे कॅम, फिरतात आणि त्यांनी कुठे थांबायचं ते ही खुंटी ठरवते. जुन्या कॅमची खुंटी केबलवर टेकते, म्हणून ते थांबणं हाताला मऊ लागतं, नव्याची सरळ धनुष्याच्या पात्यावर टेकते, म्हणून टणक. आज दोन्हींनी सहा-सहा बाण मारायचे. ज्याचे बाण जवळजवळ पडतील तो कॅम ठेवायचा. "त्या दिवशी काय बिघडलं होतं तेही कळेल," सर म्हणाले होते, सहज... सहजच ना?

तीन आठवडे झाले त्या दिवसाला. मुलुंडच्या याच मैदानावर, दोरी पुरती ओढून व्हायच्या आतच बाण सुटला, जाळीवरून गेला आणि सामानाच्या खोलीच्या दारात घुसला. दारापासून हातभर अंतरावर सुंदराबाई केर काढत होत्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हातातल्या झाडूकडे. ओरडल्यासुद्धा नाहीत. नाहूरच्या घरी भाजी चिरताना, ऑफिसात फाइल उघडताना, अनुपमाला तो न ओरडलेला चेहरा दिसायचा. 'खुंटी सरकली असणार,' कुणीतरी म्हणालं होतं, आणि तिने मान हलवली होती. मी खोटं बोलले नाही — मी फक्त मान हलवली. दोरी ओढतानाच तिचा अंगठा मुठीतल्या, बाण सोडायच्या बटणावर गेला होता, जिथे तो तेव्हा असायलाच नको होता. आणि हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

खुंट्या बसवल्या होत्या काशीरामांनी. भांडुपच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं, आणि आता इथे सगळ्यांची धनुष्यं लावून द्यायचे. "माजोच हात कमी पडलो असतलो," एवढंच म्हणाले होते. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी धनुष्य देत नव्हतं. ते लक्ष्यांवर कागद लावत, बाण पुसून ठेवत.

आधी नवा कॅम. दोरी मागे आली, खट्‌कन थांबली — पुढे जागाच नाही, भिंतीला पाठ लागावी तशी — आणि त्या टणकपणातच तिला वाटलं, आता सुटेल, मी सोडायच्या आत सुटेल... तिने बाण तसाच उतरवला. पुन्हा ओढला. सहा बाण मारायला वीस मिनिटं लागली; सरांनी ते काढून परत आणले. कांजूरकडून वारा आला, कचऱ्याचा तो ओळखीचा आंबूस वास घेऊन, आणि सर म्हणाले, वारा पडू दे.

मग जुना कॅम. तो त्या दिवशीच्याच धनुष्यावर होता आणि ते धनुष्य तेव्हापासून पेटीत बंद होतं. चूक धनुष्याची असावी, बाण पुन्हा भरकटावा — पण तिथे कुणी नसताना — अशी तिने मनात अक्षरशः विनवणी केली. पण दोरी मऊ थांबली, गादीला टेकावी तशी. तिथेच, सहाही वेळा तिथेच. प्रत्येक बाण नीट लागल्याचा आवाज येत होता.

सर बाण बघायला पन्नास मीटर चालत गेले. काशीराम धनुष्य घ्यायला आले. कॅमच्या कडेवरची, खुंटीची जागा दाखवणारी पांढऱ्या रंगाची रेघ त्यांनी अंगठ्याने पुसल्यासारखी केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खुंटी सरकाकच नाय, बाई. माका त्याच दिवशी समजला. पेटयेत ठेवताना ही खूण बघलंय."

सर किती लांब आहेत ते तिने पाहिलं.

"मग... बोलला का नाहीत?"

"तुमचे हात थरथरत होते. तेव्हा काय बोलतलंय?" त्यांनी धनुष्य स्टँडवर ठेवलं आणि ते दोरीला मेण लावत बसले.

सर परत येत होते. हातात सहा बाण होते, चेहऱ्यावर कोडं पडल्यासारखं. हा माणूस सांगणार नाही, हे तिला कळलं. आज नाही, कधीच नाही. म्हणजे सुटले मी... पण हायसं वाटलं नाही. उलट, इतके दिवस जी भीती कुणी आपल्याला पकडेल अशी बाहेरून येत होती, ती आता आत येऊन तिच्या शेजारी बसली होती आणि कुठे जाणार नव्हती.

"जुन्याचे सगळे बशीएवढ्या जागेत आहेत," सर म्हणाले. "नव्याचे पसरलेत. मग त्या दिवशी झालं काय, अनुपमा?"

काशीरामांनी मान वर केली नाही. दोरीवरून त्यांची बोटं खाली-वर जात राहिली. सरांनी दुसरं काही विचारू नये, थोडं थांबावं, असं तिला वाटलं. सांगायचं तर होतंच; पहिला शब्द कुठला, तेवढंच तिला सापडत नव्हतं.