मी ‘नाही’ म्हणायला शिकलो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका कचेरीत नऊ वर्षे झाली मला. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतींसाठी महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांची राहण्याची सोय इथून होते. त्यांची यादी माझ्याकडे असते.

पूर्वी माझा एकच पासवर्ड होता आणि तो सगळ्यांना पाठ. जो बसेल तो राजा! कुणी खेळ भरले, कुणी लग्नपत्रिका बनवायचे काहीबाही. मी इतका मंदावलो की मी सुरू होईपर्यंत लोक चहा पिऊन येत.

मग संगणकांची व्यवस्था पाहायला रेवतीताई आल्या. त्यांनी मला साफ केले, प्रत्येकाला वेगळे खाते दिले. आपापले काम खुशाल करा. नवे काही बसवायचे असेल तर मात्र ताईंना विचारा; त्याचा वेगळा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे.

मुलांची यादी सांभाळणाऱ्या मुरलीधरकाकांना हे फार लागले. एकतीस वर्षांची नोकरी त्यांची!

“अच्छा, म्हणजे आता हा डबा मला परवानगी देणार?”

“काका, माझ्या रोजच्या खात्यालाही तेवढीच परवानगी आहे,” ताई म्हणाल्या.

काका आठवडाभर माझी बटणे आपटत राहिले. मलाही वाईट वाटे. इतकी वर्षे मायेने मला वापरणाऱ्या माणसालाच ‘नाही’ म्हणायचे!

जानेवारीत, मुलाखती तोंडावर असताना, काकांना एक मेल आला : ‘सुधारित वेळापत्रक’. त्यांनी घाईने ते उघडले. वेळापत्रक कसले, माझ्यात घुसू पाहणारा व्हायरस होता तो! नवे काही बसतेय म्हणून मी ताईंचा पासवर्ड मागितला. काकांनी चिडून फोन लावला.

“रेवती बेटा, तुझ्या मशीनने पुन्हा अडवलं!”

“कशालाही हात लावू नका, आलेच.”

ताईंनी आधी माझी इंटरनेटची वायर काढली, मग मला कसून तपासले. काय घडले ते कळताच काकांचा चेहरा उतरला.

“यादी गेली का गं? एकशे चाळीस पोरं आहेत. या थंडीत कुठे उतरतील?”

“यादी सुखरूप आहे, काका. तो व्हायरस दारातच अडकला.”

काकांनी खुर्ची मागे सरकवली. मग हळूच म्हणाले, “माझ्याकडे पासवर्ड असता, तर मी देऊन टाकला असता.”

“घाईत मीही दिला असता, म्हणून तर माझं रोजचं खातंही तसंच ठेवलंय,” ताई म्हणाल्या.

पुढच्याच सोमवारी नंदुरबारची एक मुलगी बॅग ओढत आली. काकांनी क्षणात तिचे नाव शोधले. “ये बेटा, खोली तयार आहे.” त्या दिवशी मला माझ्या म्हातारपणाचे काहीच वाटले नाही.

मित्रांनो, आपला पासवर्ड आपल्यापाशीच ठेवा. आणि एखादा संगणक ‘परवानगी नाही’ म्हणाला, तर रागावू नका. त्याचा तुमच्यावर अविश्वास नसतो. तुमच्या पाठोपाठ कोण आत शिरतंय, ते त्याला दिसत नसते, एवढेच.