टाकीमागची झडप

“पंचावन्न! पाणी अजून पंचावन्न डिग्रीच!” संघमित्रा टाकीच्या काट्यावर बोट आपटत ओरडली. “काका, दुपारपर्यंत सत्तर झालं नाही ना, तर हा हीट पंप परत जाणार. आपला बॉयलरच बरा!”

गुणाजी परब आपल्या बॉयलरची काच पुसत राहिले. भोईवाड्यातल्या तिच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या जात, आणि एकतीस वर्षं त्यांचं पाणी तापवलं होतं ते गुणाजींच्या बॉयलरने. हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारं हे नवं यंत्र चाललं, की बॉयलर बंद. आणि बॉयलर बंद म्हणजे गुणाजी घरी.

गंमत बघा, पाणी का तापत नाही ते सबंध लाँड्रीत एकट्या गुणाजींनाच ठाऊक होतं. पूर्वी बायका हाताने चादरी खळबळायच्या, त्यांचे हात भाजायचे. तेव्हा या भल्या माणसाने टाकीमागे गार पाण्याची एक लाइन गुपचूप जोडली होती. झडप कायम थोडी उघडी. पुढे मशिनं आली, झडप मात्र तशीच राहिली. बॉयलरच्या धगीपुढे तेवढ्या पाण्याची काय मिजास! पण बिचारा पंप तीन दिवस त्याच गार पाण्याशी झुंजत होता, आणि गुणाजी मूग गिळून बसले होते. लाज वाटत होती हो, पण पोट आड येत होतं.

टाकीखालून आरोही बाहेर आली. पंप बसवणारी इंजिनिअर, चोविशीची पोर. कोपरं सोललेली, डोळे लाल.

“मॅडम, माझंच कॅल्क्युलेशन चुकलं. रिपोर्टमध्ये तसंच लिहिते.”

ती खरंच लिहायला बसली. हे मात्र गुणाजींना बघवेना.

“थांब गो बाय. तुझां काय चुकूक नाय.”

ते टाकीमागे शिरले आणि गंजलेली झडप सगळा जोर लावून बंद केली. तासाभरात काटा बहात्तरवर! आरोही रडतारडता हसायला लागली.

संघमित्रा गुणाजींकडे वळली. “काका, तुम्हाला माहीत होतं?”

“होय. तीन दिस गप रवलंय. चुकलां माझां.”

“मग आज कशाला सांगितलंत? आता तुमचं…”

“पोरीचां काम चोख असा, मित्रा. त्याका खोटां कसां म्हणू देऊ?”

बॉयलर त्यांनी दुसऱ्या कुणाला विझवू दिला नाही. स्वतः आग विझवली, वाफ सोडली, वाफेच्या दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत शेजारी उभे राहिले.

संध्याकाळी ते कोरड्या सदऱ्याने घरी आले. एरवी घामाने पिळून काढावा असा सदरा हातात घेऊन त्यांच्या पत्नी रमाबाई चकित झाल्या.

“आज काम नव्हतां?”

“होतां,” गुणाजी म्हणाले. “झालां.”