आमूनचा चेहरा

राजाने एकच देव ठेवायचं ठरवलं आणि वासेत नगरीच्या मोठ्या देवळातल्या पाथरवटांवर संक्रांत आली. भिंतींवरचा जुना देव आमून फोडून काढायचा, तोही ज्यांनी कोरला त्यांच्याच हातून, असा हुकूम सुटला. दारांवर शिपाई बसले, घाटावरच्या होड्या जप्त झाल्या.

वाजमोसच्या वाट्याला आलेली भिंत त्याने सासऱ्याबरोबरच घडवली होती. हापू त्याचा सासरा आणि उस्तादही. दगडाच्या धुळीने म्हाताऱ्याचे डोळे गेले होते, तरी तो रोज येऊन भिंतीवरून बोटं फिरवी.

फोडायला हात धजेना, म्हणून वाजमोसने आमूनवर नुसता गिलावा चढवला. पुढेमागे दिवस पालटले तर तो काढता येईल, असा त्याचा हिशेब. पण देखरेखीवरच्या अंमलदाराने ओला गिलावा नखाने उकरला, तेव्हा खालून देवाचा ओठ दिसला. तो चिडला नाही. उद्या दुपारी हा चेहरा इथे असला, तर तुला बायकोसकट वाळवंटातल्या खाणीत धाडीन, एवढंच म्हणाला. खाणीतून परत आलेलं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. आणि वाजमोसच्या बायकोला, तामितला, दिवस गेले होते.

दुसऱ्या दिवशी गिलावा निघाला, पण छिन्नी काही टेकेना. ऊन डोक्यावर येऊ लागलं. तेव्हा हापू चाचपडत पुढे आला.

"छिन्नी इकडे आण."

"मामा, तुम्हाला दिसत नाही."

"घडवला मी, मला काय दाखवतोस? देवाच्या तोंडावर घाव घालायचा तर माझ्या हातून पडू दे. तुला पोर व्हायचंय."

"मेल्यावर पलीकडे देव जाब विचारतील तुम्हाला."

"विचारू देत. तुझं नाव नाही घेणार मी."

पहिलाच घाव घसरला आणि म्हाताऱ्याचा अंगठा फाटला. शिपाई हसले. वाजमोसने पुढे होऊन सासऱ्याचं मनगट धरलं आणि छिन्नीचं टोक आमूनच्या नाकावर टेकवलं. हापूने हात हिसडून सोडवायला पाहिलं. "सोड. मग मी कशाला आलो?" तो दबक्या आवाजात म्हणाला. वाजमोसने सोडला नाही. आधी नाक गेलं, मग ओठ, शेवटी डोळा.

अंमलदाराने खडबडीत दगडावरून तळवा फिरवला. जोडी चांगली जमलीय, उद्यापासून खांबांचं काम दोघांनीच घ्या, असं सांगून तो पुढच्या भिंतीकडे गेला.

हापूने अंगठ्याला चिंधी गुंडाळत विचारलं, "खांबांवर किती राहिलेत रे?"

वाजमोसने वर पाहिलं. दालनभर खांब, आणि प्रत्येकाला चारी बाजूंनी आमून.

"थोडेच आहेत, मामा."

हापूने चिंधीची गाठ घट्ट केली. त्यातले निम्मे त्यानेच कोरले होते.