ब्याऐंशीच्या आत

वजन पंच्याऐंशीवर अडून बसलं, तेव्हा फौजदाराने पहिला संशय मिठावर घेतला.

फौजदार म्हणजे पोलिसातला नव्हे. गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात तो कटर होता. मापं घ्यायची, कापडावर खडूने आखायचं आणि कात्री चालवायची, हे त्याचं काम. पण स्वभाव असा, की सरळ माणसातही त्याला काहीतरी वाकडं दिसायचंच. माप देताना गिऱ्हाइकं पोट आत ओढतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो आधी त्यांना घरच्यांची खुशाली विचारायचा आणि ती उत्तर द्यायला लागली की टेप आवळायचा. कापडाचा तागा आला की स्वतः मोजून घ्यायचा. चहा पुळचट लागला की दूधवाल्याची उलटतपासणी. दुकानातल्यांनी फौजदार हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं, इतकं की तोही त्याला ओ देऊ लागला.

एरवी अशा माणसाने वजनाच्या भानगडीत पडायचं कारण नव्हतं. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, पोट दुकानाच्या टेबलाला टेकलेलं, आणि त्याची त्याला तक्रारही नव्हती. पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा तिला हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनला जोडायचे. वडील कधीच गेलेले, आईचं वय झालेलं. उरला फौजदार. त्याचं रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं, फक्त डॉक्टरांनी त्याच्या पोटाकडे पाहून मान हलवली. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढायची म्हणजे त्याच्याच जिवाशी खेळ. ब्याऐंशीच्या आत या आणि फोन करा, मग पुढचं बघू, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं. तेव्हा तो सत्त्याण्णव किलो होता.

सत्त्याण्णवचे पंच्याऐंशी झाले ते धडाधड. साखर सुटली, पाव सुटला, दुकानात जायची बस सुटली. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बाथरूमच्या दाराशी वजनकाटा मांडला जायचा. काटा जुना, पायापाशी गोल तबकडी आणि तिच्यात फिरणारी सुई. फौजदार घड्याळ काढायचा, पट्टा काढायचा, आणि चष्मासुद्धा काढून ठेवायचा. त्याची भिंगं जाडजूड, आणि फुकटचे ग्रॅम अंगावर घ्यायची त्याची तयारी नव्हती. चष्म्याशिवाय त्याला स्वतःचे पायसुद्धा धड दिसत नसत, म्हणून आकडा वाचायचं काम बहिणीकडे आलं. आजारी पडण्याआधी ती शाळेत गणित शिकवायची. ती वाकून बघायची आणि वर्गात उत्तर सांगावं तसा आकडा सांगायची, आणि आई तो स्वयंपाकघरातूनच ऐकायची.

आणि मग आकडा हलेनासा झाला. पंच्याऐंशी. पुढच्या रविवारी पंच्याऐंशीला थोडं कमी. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा पंच्याऐंशी, वर थोडं जास्तच.

मीठ निर्दोष सुटलं, तेव्हा फौजदाराने काट्याला धरलं. मग पाण्याला. मग हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंना. बाई फोनवर म्हणाल्या, असं होतं, शरीर मधेच अडून बसतं, तुम्ही आकड्याकडे बघू नका, चालू ठेवा. आकड्याकडे बघू नका असं सांगणाऱ्या माणसावर फौजदाराचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. फोन ठेवून त्याने त्यांचा तक्ता दोनदा तपासला, आणि त्यात काही सापडलं नाही म्हणून तो जास्तच चिडला.

सोडून द्यावं असं त्याला वाटलं नाही असं नाही. एका संध्याकाळी तो बेकरीच्या दारात उभा राहिला आणि वासानेच त्याचे डोळे भरून आले. काय उपयोग, असं तो स्वतःशीच म्हणाला. उपाशी राहूनही पंच्याऐंशी आणि खाऊनही पंच्याऐंशीच. तेवढ्यात त्याला आठवलं की बहिणीच्या शर्टाची बाही उसवायची राहिली आहे. डायलिसिसच्या सुया तिच्या डाव्या हातात टोचायचे, तिथली शीर फुगून बोटाएवढी जाड झाली होती, आणि तिच्या सगळ्या शर्टांची डावी बाही तो मुद्दाम सैल कापायचा. आता तीही तिला घट्ट व्हायला लागली होती. फौजदार बेकरीसमोरून निघाला तो तडक घरी आला आणि बाही उसवत बसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने रात्रीचं जेवण निम्मं केलं आणि दुकानातून घरी यायला लांबचा रस्ता धरला.

पँटी घसरायला लागल्या होत्या, त्याने त्या कमरेत आत घेतल्या. एकदा घेतल्या, पुन्हा घेतल्या. आजकालचं कापड धुण्यात सैल पडतं, गिरणीवाले चोर झालेत, असा त्याचा निकाल होता. दुसऱ्यांच्या कमरेत अर्ध्या बोटाची लबाडी पकडणाऱ्या या माणसाच्या डोक्यात स्वतःच्या कमरेचा विचार काही शिरला नाही. गणिताच्या बाई पंच्याऐंशी म्हणत होत्या, मग कंबर बारीक कशी होईल?

मग संशयाची पाळी आईवर आली.

आई स्वयंपाक करताना दार लोटून घ्यायला लागली होती. तो पाणी प्यायला गेला की तिच्या हातातलं काहीतरी पदराआड जायचं. तेलाची बाटली भराभर खाली जात होती, आणि त्याच्या ताटात तर उकडलेल्या भाज्या आणि उकडलेली अंडी. फौजदाराने दुकानातला खडू खिशातून आणला आणि बाटलीवर तेलाच्या पातळीशी बारीक रेघ मारली. दोन दिवसांत तेल रेघेच्या पुष्कळ खाली गेलं. आता त्याच्यापुढे सगळं लख्ख झालं. त्याने किडनी देऊ नये असं आईला वाटत होतं. तोंडाने ती तसं म्हणू शकत नव्हती, म्हणून त्याच्या भाजीत तेल ओतत होती.

त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि साहेबाच्या सुरात विचारलं, "हे तेल कुठं जातं?"

आईने रेघ पाहिली. तिला समजायला वेळ लागला नाही. मशीनवरून आल्यावर बहिणीच्या पोटऱ्यांत गोळे येतात, ती कळवळते, म्हणून दुपारी, आणि रात्री त्याच्या नकळत, तेल कोमट करून पाय चोळावे लागतात, हे तिने सांगितलं. दादाला कळू देऊ नको, तो आधीच हवालदिल आहे, असं बहिणीनेच बजावलं होतं. हे सगळं आई शांतपणे बोलली आणि मग म्हणाली, "माझ्या पोराच्या ताटात मी चोरून काही घालीन, असं वाटलं तुला?" आणि ती रडायला लागली. नुसते डोळे पुसण्याएवढं नव्हे, तर भिंतीला टेकून, हुंदके देत रडली. इतकं रडण्यासारखं आपण काय बोललो हे फौजदाराला कळेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बाटलीवरची रेघ शर्टाच्या बाहीने पुसून टाकली.

 दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे जेवायला गेले आणि दुकान रिकामं झालं तेव्हा त्याने गळ्यातला टेप काढून स्वतःच्या कमरेला लावला, आणि पोट आत ओढू नये म्हणून सवयीप्रमाणे स्वतःलाच विचारलं, काय, घरी सगळे बरे ना? टेप पाहून तो चमकला. पंच्याऐंशीवर अडल्यापासून कंबर चार इंचांनी उतरली होती. अर्थात त्याने लगेच टेपवर संशय घेतला; जुने टेप ताणले जातात आणि माप कमी दाखवतात, हे त्याला माहीत होतं. त्याने टेप पोलादी पट्टीवर पसरून इंचाला इंच लावून पाहिला. टेप खरं बोलत होता. मग घरातला काटाच बिघडला असणार, असं म्हणत तो औषधांच्या दुकानाबाहेरच्या वजनाच्या यंत्रावर चढला. बुटांसकट, पट्ट्यासकट, चष्म्यासकट.

ऐंशी पूर्णांक सहा.

आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. तसाच तो घरी निघाला, भर दुपारी, दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून. आई ओट्यापाशी होती, बहीण टेबलाशी बसून मटार सोलत होती. त्याने बाथरूमच्या दाराशी काटा मांडला आणि बुटांसकट त्यावर उभा राहिला. चष्मा डोळ्यांवर होता. सुई ऐंशीच्या थोडीशी पुढे जाऊन थांबली. काट्याचाही काही दोष नव्हता. आता संशय घ्यायला एकच जागा उरली होती, आणि तिथे तो घ्यायची त्याची छाती होईना.

"इकडे ये," तो म्हणाला. "वाच."

बहीण उठून आली. तिने सुईकडे पाहिलं नाही, त्याच्या चष्म्याकडे पाहिलं. आणि तिथेच खाली, दाराच्या उंबऱ्यावर बसली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पंच्याऐंशी खरंच झालं, तेव्हापासून."

 किती रविवार झाले ते फौजदार मनात मोजायला लागला आणि मोजणं त्याने मधेच सोडून दिलं. तेवढे सगळे दिवस ती त्या मशीनला जोडून घेत राहिली होती, आणि दर रविवारी वाकून, नीट बघून, खोटं सांगत होती. त्याला तिचा संताप आला. असा संताप त्याला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

"मला नको, असं तोंडावर सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" ती म्हणाली.

"नसतं ऐकलं."

"म्हणून. मला वाटलं, आकडा हलला नाही की कंटाळशील. सगळे कंटाळतात, त्या आहाराच्या बाईच म्हणाल्या होत्या. तू आपण होऊन सोडलं असतंस तर कुणाचाच दोष नव्हता. पण तू जेवणच निम्मं केलंस." तिने डावा हात मांडीवर झाकून घेतला. "दादा, वजाबाकी येते मला. आईला दोनच मुलं. एक तरी धड राहू दे तिला."

तो म्हणाला की डॉक्टरांनी सगळं तपासलंय, एका किडनीवर माणसं म्हातारी होतात. ती म्हणाली, होतात, बहुतेक होतात, आणि त्या बहुतेकवर मी तुला टेबलावर झोपवणार नाही. तू वजन उतरव नाहीतर वाढव, ऑपरेशनच्या कागदावर मी सही करणार नाही. हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की त्याला भीती वाटली. कारण बहिणीचा हट्ट तो लहानपणापासून ओळखून होता.

तेवढ्यात आई ओट्यापाशी पाठमोरीच म्हणाली, "मला माहीत होतं."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या पँटी मीच वाळत घालते. दर धुण्याला कंबर कमी होत होती, आणि रविवारी आतून ऐकू यायचं पंच्याऐंशी. मला काय कळत नाही?" तिने गॅस बंद केला. "त्या दिवशी तू तेलाचं विचारलंस. तेल मी घातलं नव्हतं. पण मी रडले ती तेलासाठी नव्हे."

"मग बोलली का नाहीस?" फौजदार म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण तो चढला नाही.

"काय बोलू? कुणाच्या बाजूने बोलू? ही खोटं सांगत होती तोवर मला काही ठरवावं लागत नव्हतं. तू सुखरूप होतास. आणि तिकडे हिचे पाय चोळताना वाटायचं, उद्या सांगीन. रोज उद्याच."

आयुष्यभर प्रत्येकाची झडती घेत आलेल्या फौजदाराला आज चोर सापडले होते, एक नाही दोन, दोघीही घरातल्याच. तो अजून काट्यावरच उभा होता. बहीण उंबऱ्यावर बसून रडत होती, आवाज न करता, आणि तिच्या मागे टेबलावर मटाराच्या शेंगा तशाच पडल्या होत्या.

आईने हात पुसले. ती येऊन मुलीसमोर खाली बसली, गुडघे धरत, कशीबशी. "तुझी वजाबाकी तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. "एक धड आणि एक फोटोत, असली शिल्लक मला नको. होईल ते दोघांचं होईल. मी घाबरले होते, अजूनही घाबरलेय. पण आता गप्प नाही राहणार." मुलीने मान हलवली नाही, पण सही करणार नाही असं पुन्हा म्हटलंही नाही. तिने आपला डावा हात आईच्या हातात राहू दिला.

मग आईने फौजदाराकडे फोन मागितला. मीच करतो, असं तो म्हणाला, पण तिने हात पुढे धरूनच ठेवला. फोन कानाला लावून तिला नीट ऐकू यायचं नाही, म्हणून त्याने नंबर लावून फोन स्पीकरवर टाकून दिला. पलीकडून हॉस्पिटलातल्या बाईंचा घाईतला आवाज आला. आईने सांगितलं की मुलगा ब्याऐंशीच्या आत आलाय, पुढच्या तपासण्यांची तारीख द्या.

"थांबा हं, नोंद करते," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोण बोलताय? पेशंटची आई, की किडनी देणाऱ्याची?"

आईने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"दोघांची," ती म्हणाली.