ओतीव बिल्ला

शाहूपुरीतल्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं आणि तिकिटांचं प्रदर्शन भरलं की नागसेन कांबळेभोवती चार माणसं हमखास उभी असत. तो काही विकायला येत नसे. लोकच आपापल्या वस्तू घेऊन त्याच्याकडं येत. पलटणीचे टोपीवरचे बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं, बाहीवरचे कापडी पट्टे. नागसेन भिंग डोळ्याला लावायचा आणि खरं की खोटं ते सांगायचा. तीस वर्षं त्यानं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे साच्यांसाठीचे लाकडी नमुने, बनवले होते. धातू साच्यात ओतलाय की छाप्याखाली दाबलाय, हे त्याला वस्तू हातात घेताच कळायचं.

त्या रविवारी विजयसिंह आला. त्याचं टायरचं दुकान होतं आणि बिल्ल्यांचा नाद नवा होता. मखमली डबीतून त्यानं एक बिल्ला काढला.

"दिल्लीहून मागवलाय. दुसऱ्या महायुद्धातला हाय."

नागसेननं तो उलटा केला. भिंगाचीही गरज लागली नाही. "महायुद्धातला न्हाय, गेल्या वर्षातला हाय. ही पाठ बघा. खरा बिल्ला पातळ पत्र्यावर छाप मारून करत्यात. पुढं उठाव असंल तर मागं खोलगट लागतंय. ही तर सपाट हाय. कडेला कानस मारलीया, साच्याच्या जोडाची शिवण घालवायला. आणि हे बारीक खड्डे दिसत्यात न्हवं? वाळूचे."

"पण त्यानं खात्री दिलती की."

"देणारच. स्वतःच ओतला असंल तर खात्री असणारच."

भोवतालची माणसं हसली. विजयसिंहानं डबी मिटली, पण ती खिशात घालायचं त्याला सुचेना. नागसेनला बरं वाटलं. अशा वेळी त्याला नेहमीच बरं वाटायचं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"काका, मी रूपाली बोलतीय. अंजनाबाईंची नात, तुमच्या आजोळची."

कुरुंदवाडच्या अलीकडं नागसेनचं आजोळ होतं. आई गेल्यापासून तिकडं जाणं सुटलं होतं.

"बोल की."

"गावात वाचनालय बांधलंय. चौदा एप्रिलला उद्घाटन हाय. आकारामआबांचा पलटणीतला बिल्ला आणि त्यांचे कागद काचेच्या कपाटात ठेवणार हाय आम्ही. कमिटीची माणसं म्हणाली, जाणकाराकडनं बघून घ्या, अस्सल असल्याचं लिहून घ्या. आजी म्हणाली, नागसेनला बोलव, त्यानं तो बघितलाय."

 "येतो बिल्ला बघायला," एवढंच म्हणून नागसेननं फोन बंद केला.

"कुठला बिल्ला?" विजयसिंहानं विचारलं.

"महार रेजिमेंटचा. पहिल्या नमुन्याचा, कोरेगावच्या स्तंभाचा."

"तुमच्याकडं हाय तसला?"

"व्हय," नागसेन म्हणाला. "तसलाच."

त्याच्या संग्रहातला तो पहिला बिल्ला. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. बायकोलाही त्यानं तेच सांगितलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. अडतीस वर्षांपूर्वी, नागसेन वीस वर्षांचा असताना, आजोळच्या लेझीमवाल्या पोरांना जयंतीच्या मिरवणुकीत टोपीवर बिल्ले लावायचे होते. तो नुकताच फाउंड्रीत लागला होता. हवालदार आकाराम आदल्या वर्षीच वारले होते, आणि त्यांचा बिल्ला त्यांच्या सुनेकडं, आईच्या भावकीतल्या अंजनामामीकडं होता. नमुना म्हणून नागसेननं तो चार दिवसांसाठी मागून नेला. त्यावरून बारीक वाळूत साचे केले आणि पितळेचे बारा बिल्ले ओतले. मग तेरावा ओतला. नवसागर चोळून, धूर देऊन तो काळवंडवला. आणि तोच मामीच्या हातात परत दिला. मामीनं तो फडक्यात गुंडाळून ठेवून दिला आणि नागसेनला जेवायला वाढलं.

पुढच्या चार दिवसांत नागसेन धड एका जागी बसला नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरायला निघायचा आणि अर्ध्यातून माघारी यायचा. कपाट उघडून ट्रे काढायचा, स्तंभाचा बिल्ला तळहातावर घ्यायचा, परत ठेवायचा, कुलूप लावायचा, आणि लावलं की नाही ते बघायला पुन्हा उठायचा. 'सदर बिल्ला मी तपासला असून तो अस्सल आहे' असं त्यानं तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. त्या कागदाखाली आपली सही असणार होती, आणि कपाटात आपण ओतलेलं पितळ. शेकडो माणसं बघणार. त्यातला एखादा भिंग घेऊन आला तर?

"काय झालंय तुमाला?" त्याची बायको पूर्णिमा म्हणाली. "नुसत्या येरझाऱ्या. डॉक्टरकडं जाऊया का?"

"काय न्हाय. उष्णता झाली असंल."

मग त्याला वाट सुचली. बिल्ला बदलायचा. तपासायला म्हणून त्यांचा हातात घ्यायचा आणि खरा त्यांना द्यायचा. कुणाला कळायचं कारण नव्हतं. त्यांचं त्यांना मिळेल, सर्टिफिकेटही खरं ठरेल. हे ठरल्यावर शांत वाटायला हवं होतं. पण इचलकरंजीच्या पुढं त्यानं दोनदा मोटारसायकल थांबवली आणि शर्टाचा खिसा चाचपला.

अंजनामामी दारातच बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळलेली, पण आवाज तसाच खणखणीत.

"आलास व्हय? आई गेली तवापास्नं तोंड दाखवलं न्हाईस."

"कामं असत्यात मामी."

"कामं मेल्यावर बी ऱ्हात्यात. बस."

रूपालीनं कपाटातून एक स्टीलचा डबा आणला. आत कापूस होता आणि कापसावर बिल्ला. बाजूला आबांचे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. नागसेननं बिल्ला उचलला. स्तंभावरच्या रेघा पुसट, पाठ भरीव आणि सपाट. पायथ्याशी एक बारीक फोड होता. साच्यातला वाळूचा कण सुटला होता, तिथं धातू शिरला होता. स्वतःची ती चूक त्याला तेव्हा दिसलीही नव्हती.

"हितं अंधार हाय. उजेडात बघतो," म्हणून तो उठला आणि दाराशी पाठमोरा उभा राहिला. हात खिशात गेला, बाहेर आला. एका दमात झालं. तो वळला आणि खरा बिल्ला त्यानं मामीच्या हातावर ठेवला.

"अस्सल हाय मामी. लिहून देतो."

मामीनं मूठ मिटली. मग उघडली. अंगठा बिल्ल्यावरून फिरला, पुन्हा फिरला.

"ह्यो न्हवं."

"काय म्हंतीस आजी?" रूपाली म्हणाली.

"ह्यो आमचा न्हवं. ह्यो हलका हाय. आमचा जड हाय, आणि बुडाला पुटकुळी हाय त्याला. माझं बोट तितं थांबतंय." तिनं मान वर केली. "नागसेन, खिसा दाव."

"मामी, ऐका तर..."

"खिसा दाव म्हंते न्हवं!"

आवाज गल्लीत गेला असणार. रूपाली उठून दारात उभी राहिली. नागसेननं खिशातला बिल्ला काढून पुढं केला, तो मामीनं हिसकावून घेतला.

"ह्योच! ह्योच आमचा!" "सासऱ्यानं मरताना माझ्या हातात दिलेला जिन्नस. दरसाल जयंतीला काढते मी, फूल वाहते. आणि तू त्यो बदलून न्यायला आलास? आपला म्हणून बोलावलं तुला!"

आत्ता तसंच निघून जावं, असं नागसेनला वाटलं. चोर म्हणतील, म्हणू देत. खरा बिल्ला तर घरात राहील. पण मामीनं तो खाली जमिनीवर टाकला होता आणि ओतीव पितळेला छातीशी धरलं होतं. उद्या ती खरा बिल्ला उकिरड्यावर फेकायला कमी करणार नाही.

"मामी," तो म्हणाला, "तुमच्या हातात हाय तो मी केलाय."

"काय केलास?"

"ओतलाय. जयंतीला बिल्ले करायचं म्हणून आबांचा घेऊन गेलतो बघा. तेव्हा बारा केले पोरांसाठी. तेरावा तुम्हाला आणून दिला. खरा माझ्याकडं ठेवला. तो हा."

त्यानं जमिनीवरचा बिल्ला उचलला. रूपाली दारातून आत आली.

"आता पकडल्यावर काय बी सांगताय काका."

"तुझ्याकडं आबांचं डिस्चार्जचं पुस्तक हाय न्हवं? नंबर बघ त्यातला. शेवटचे तीन आकडे." त्यानं बिल्ला उलटा धरला. "हितं मागं, खोलगट भागात, टोकानं कोरलेलं हाय. तूच वाच. मी सांगत न्हाय."

रूपालीनं पिशवीतून पुस्तक काढलं. मोबाईलचा उजेड बिल्ल्याच्या पाठीवर धरला, पुस्तकाकडं बघितलं, पुन्हा बिल्ल्याकडं. मग दुसरा बिल्ला आजीच्या मुठीतून हळूच सोडवून घेतला आणि उलटा केला. त्याच्या पाठीवर काहीच नव्हतं.

"आजी," ती म्हणाली, "चारशे सतरा. आबांचाच नंबर हाय."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"त्या दिवशी तू माझ्या हातचं जेवलास," मामी म्हणाली.

"व्हय."

"दोनदा भाकरी मागून घेतलीस. आणि पिशवीत आमचा बिल्ला."

"व्हय."

"का रं?"

चार दिवस नागसेननं या प्रश्नाची किती उत्तरं जुळवली होती. तुमच्याकडं गंजून गेला असता. माझ्याकडं नीट राहिला. इतिहास जपला. त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही.

"मला तो पायजेच होता. दुसरं काय कारण न्हाय."

"मागितला असतास तर?"

"दिला असता?"

"न्हाय," मामी म्हणाली.

तिनं दोन्ही बिल्ले समोर ठेवून घेतले. एकदा ह्याच्यावर, एकदा त्याच्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाली, "लिहून देतो म्हणालतास न्हवं? लिही. समदं लिही."

रूपालीनं वही दिली. नागसेन लिहायला बसला. घाम कागदावर पडत होता. लिहून झाल्यावर रूपालीनं मोठ्यानं वाचलं. हवालदार आकाराम यांचा हा मूळ बिल्ला असून त्यावर त्यांचा नंबर आहे, सोबतचा दुसरा बिल्ला मी स्वतः ओतलेली नक्कल आहे, मूळ बिल्ला नजरचुकीने माझ्याकडे राहिला होता...

"नजरचुकीनं?" मामी म्हणाली. "खोड त्ये."

नागसेननं खोडलं.

"काय लिहू?"

"तुला ठावं."

त्यानं 'फसवून' असं लिहिलं. 'मी फसवून माझ्याकडे ठेवला.' खाली सही केली, तारीख घातली. मामीनं कागदाची घडी केली नाही. तसाच डब्याखाली दाबून ठेवला.

"ओतलेला घेऊन जाऊ का मी?" त्यानं विचारलं.

"हात लावू नगंस. अडतीस वर्सं फूल त्यालाच वाहिलंय मी. दोन्ही ऱ्हातील." मग तिनं तोंड फिरवलं. "नीघ आता. आज वाढायची न्हाय मी तुला."

उद्घाटनाला त्याला बोलावणं आलं नाही. कमिटीनं कपाटात दोन्ही बिल्ले ठेवले, आणि मध्ये तो कागद, खोडलेल्या शब्दासकट. कुणीतरी काढलेला फोटो दोन दिवसांत फिरत फिरत संग्राहकांच्या ग्रुपवर आला. त्याआधी नागसेननं पूर्णिमाला सांगितलं होतं. संध्याकाळी ती एकदम म्हणाली, "आजोळच्या माणसांचं?" आणि उठून आत गेली.

विजयसिंहाचा फोन आला. नागसेन चार शब्द ऐकायची तयारी करूनच होता.

"बाकीचा संग्रह बी आता कुणाकडनं तरी तपासून घ्या," विजयसिंह म्हणाला. "तुमच्यापेक्षा जाणकार कुणी सापडला तर मलाबी सांगा."

तेवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. नागसेननं खरोखरच सगळे ट्रे बाहेर काढले. एकेक बिल्ला कुठून आला ते आठवून चिठ्ठ्या लिहिल्या. बहुतेक सरळ मार्गानं आलेले होते. दोन-तीन ठिकाणी पेन थांबलं. एका कापडी पट्ट्याबद्दल त्यानं सांगलीच्या एका घरी फोन लावला, पण तो नंबर आता बंद होता. तो पट्टा त्यानं वेगळा काढून ठेवला. दिवसातून तीनदा तो त्याच्याकडं बघायचा आणि सांगलीला जायचं ठरवायचा.

मे महिन्यात एका दुपारी रूपालीचा फोन आला.

"काका, आजीनं विचारायला सांगितलंय. खरा बिल्ला कपाटात काळा दिसतोय, दुसरा आजीनं घासलाय म्हणून चमकतोय. लोकांना वाटतंय उलटंच हाय. आजी म्हणतीय, चिंच लावून लख्ख करते. चालंल का?"

नागसेन ताडकन उभा राहिला. ऐंशी वर्षांचा तो काळसर रंग. एकदा चिंच लागली की गेला, पुन्हा कधी येणार नाही. कुणाही माणसाला त्यानं ओरडून सांगितलं असतं, हात लावू नका म्हणून.

"काका? ऐकताय न्हवं?"

मागून मामीचा आवाज येत होता, "इचार की त्याला, लावू का न्हाय?"

नागसेननं कपाळावरचा घाम पुसला.

"लावली तर रंग जाईल, परत यायचा न्हाय," तो म्हणाला. "एवढं सांग त्यांना. पुढं त्यांची मर्जी."

रूपालीनं ते सांगितलेलं त्याला ऐकू आलं. मग कसल्याशा डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला. मामीनं चिंच लावली की नाही ते त्याला कळलं नाही. तो बराच वेळ फोन हातात धरून खोलीभर फिरत राहिला.